डाव्या डोळ्याची हजेरी

बाळंतपणाची रजा संपवून मी कामावर हजर झाले, त्या सोमवारी सकाळी दहा वाजून दोन मिनिटांनी मला कळलं की मी म्हणजे मी नव्हे.

हे मला कुणा साधुपुरुषाने सांगितलं नाही. आमच्या कार्यालयाच्या दारात चेहरा बघून हजेरी लावणारं एक यंत्र बसवलंय, त्याने सांगितलं. मी रजेवर असताना ते आलं. येणाऱ्या प्रत्येकाकडे ते 'ही कोण आणखी' अशा नजरेने बघतं, म्हणून सगळे त्याला आत्याबाई म्हणतात. मी आत्याबाईंसमोर उभी राहिले, हसले, आणि त्यांच्या कपाळावर लाल अक्षरं उमटली. 'जुळणी एक्याऐंशी टक्के. ओळख पटली नाही.'

पास व्हायला पंच्याऐंशी लागतात. शाळेत एक्याऐंशी टक्क्यांना मला सायकल मिळाली होती.

आता आमचं कार्यालय कसलं, तर वजनमापांचं. दुकानदार आपापले तराजू आणि वजनं घेऊन येतात, आम्ही ती तपासतो आणि ठीक असली तर शिक्का मारतो. तराजूंचं टेबल माझं. जगातला कुठलाही तराजू तंतोतंत नसतो, हे आमच्या खात्याला पहिल्या दिवसापासून मान्य आहे. म्हणून कांदे मोजणाऱ्या काट्याला अमुक इतका फरक माफ, कोळसा मोजणाऱ्याला तमुक इतका. दहा महिने अर्धवट झोपलेल्या बाईला मात्र चार टक्केसुद्धा माफ नाहीत, हे मला दारातच समजलं.

अपमान मी गिळला असता. गिळायची सवय झालीय. दहा महिन्यांत मी गार चहासुद्धा गिळायला शिकले आहे. पण गाडी अडली होती साडेतीनवर. मला वर्षभरासाठी रोज साडेतीनला घरी जायची सवलत मिळाली होती, आणि तिला अट होती अखंड हजेरीची. आत्याबाईंनी तीनदा ओळख नाकारली की हजेरी खंडित, सवलत रद्द, मग बाकीच्यांसारखं साडेसहा. आमची भिंगरी, म्हणजे माझी मुलगी, दुपारी झोपून पावणेचारला उठते. तेव्हा मी नसले तर ती रडत नाही. रडली असती तर मला एक वेळ चाललं असतं. ती दाराकडे तोंड करून बसते आणि बघत राहते. हे मला बाबांनी सांगितलं. बाबा म्हणजे माझे सासरे. दिवसभर तीच दोघं घरी असतात. बाबा आयुष्यभर इमारतींचे नकाशे काढत होते, त्यामुळे कुठलीही गोष्ट ते वाढवून सांगत नाहीत. जेवढी असेल तेवढीच, प्रमाणात.

तर एक नकार पडला होता. उरले दोन.

दुपारी यंत्रवाला आला. त्याने माझा साठवलेला फोटो उघडला, एकदा फोटोकडे, एकदा माझ्याकडे बघितलं आणि दुःखद बातमी सांगावी तशा आवाजात म्हणाला, "मॅडम, फोटोत तुम्हाला पापण्या आहेत."

"आताही आहेत."

"मला दिसतायत हो. त्याला दिसत नाहीयेत."

मग उलगडा झाला. हे फोटो दीड वर्षापूर्वी काढून ठेवलेले. माझा काढला तो नेमका मामेभावाच्या लग्नाच्या दुसऱ्या दिवशी, आणि आदल्या संध्याकाळचा मस्कारा मी आळसाने धुतलाच नव्हता. सरकारदरबारी माझी कायमची नोंद झाली होती ती पापण्यांवर काळेभोर थर असलेली, आठ तास झोपलेली, एक अनोळखी सुंदरी म्हणून.

"मग फोटो बदलून द्या," मी आस्थापनेच्या बाईंना म्हटलं.

"बदलतो की. सोपं आहे. अर्ज करायचा."

"कुठे?"

"यंत्रावरच. सलग तीन दिवस चेहरा जुळला की अर्ज उघडतो."

मी माझ्या चेहऱ्याकडे बोट दाखवलं. त्यांनी तो नीट बघितला. मग त्या म्हणाल्या, "पापण्यांचं काहीतरी कर बाई."

इथून माझ्या मस्काऱ्याच्या तपश्चर्येला सुरुवात झाली.

घरी खणात काडीचा मस्कारा होता. हल्ली सगळीकडे मिळतो तो. एक नळी, नळीच्या झाकणाला काडी, आणि काडीच्या टोकाला बाटली धुवायच्या ब्रशाचं पिल्लू. मंगळवारी सकाळी मी तो लावला, जुळणी शहाऐंशी आली, आणि मी जग जिंकलं. बुधवारी जगाने मला जिंकलं.

काडीच्या मस्काऱ्याची एक अट असते. त्याला सलग पाच मिनिटं लागतात. काडी बाहेर काढली की दोन्ही डोळे संपवूनच आत घालायची. मधे उठलात तर काडीवरचा वाळतो, पापण्यांवरचा गुठळ्या धरतो, आणि परत येऊन पुढे सुरू केलं तर एका डोळ्यावर कोळी बसल्यासारखा दिसतो. सलग पाच मिनिटं. माझ्याकडे सलग पाच मिनिटं असती तर मी त्यात झोपले असते.

नवरा सकाळच्या पाळीला साडेसहालाच घराबाहेर पडतो. भिंगरीला बाबांकडे देता येतं, पण मी आरशासमोर बसले की तिला दोन आया दिसतात, आणि दोन्ही हव्या असतात. बुधवारी ती मांडीवर चढली, आरशातल्या आईकडे बघून हसली आणि खऱ्या आईच्या हातातली काडी तिने हिसकली. माझ्या भुवईपासून कानापर्यंत एक रेघ गेली. तिला सोडवायला बाबा वाकले, तर त्यांची एक पांढरी भुवई काळी झाली. बाबा आरशात बघून म्हणाले, "वीस वर्षांनी लहान दिसतोय. निम्मा."

घासून घासून रेघ गेली, पण डोळा टोमॅटोसारखा लाल झाला. आत्याबाईंनी बासष्ट टक्के दिले. दुसरा नकार.

गुरुवारसाठी खालच्या मजल्यावरच्या काकूंनी सल्ला दिला. काकू निवृत्त परिचारिका आहेत आणि निवृत्ती त्यांना मान्य नाही. "पापण्यांना एरंडेल लाव. महिन्याभरात अशा दाट होतील."

"काकू, मला उद्या सकाळी दहाला हव्यात."

"मग चिकटवायच्या आण. माझ्या भाचीने आणल्यात, पडून आहेत."

चिकटवायच्या पापण्या बाबांनी भिंगरीला घेऊन जिन्यात फेऱ्या मारल्या तेवढ्यात बसल्या, आणि आत्याबाई इतक्या खूश झाल्या की एक्याण्णव टक्के. पण साडेअकराला एक सराफ आपला नाजूक काटा तपासायला घेऊन आला. असा काटा तपासताना श्वाससुद्धा जपून सोडतात. मी पारड्यावर वाकले, आणि माझी उजवी पापणी अलगद सुटून पारड्यात पडली. काट्याने तिची नोंद घेतली. सराफ कितीतरी वेळ आकड्याकडे बघत होता. मग म्हणाला, "काटा चांगलाच आहे म्हणायचा."

मी शिक्का मारला. दुसरं काय करणार.

त्या संध्याकाळी मी भिंगरीला कडेवर घेऊन जिन्यात बसले होते. जुळणीची आशा संपत आली होती. तेवढ्यात वरच्या मजल्यावरच्या रंगमावशी खाली येत होत्या. मावशींनी चाळीस वर्षं नाटक कंपनीत नटनट्यांचे चेहरे रंगवले, म्हणून रंगमावशी. त्यांनी माझी सगळी कहाणी ऐकली आणि एकच प्रश्न विचारला.

"तुला एका वेळी किती वेळ मिळतो?"

"एका वेळी? दीड मिनिट. फार तर दोन."

"मग काडी तुझ्यासाठी नाही. थांब."

त्या वर जाऊन एक चपटी डबी घेऊन आल्या. बोटभर लांब, न उघडलेली. आत साबणासारखी घट्ट, काळी कुळकुळीत वडी आणि बाहुलीच्या दात घासायच्या ब्रशाएवढा ब्रश. "हा जुना मस्कारा. वडीचा. ब्रश ओला करायचा, वडीवर फिरवायचा, पापण्यांना लावायचा. शेवटची राहिलीय माझ्याकडे."

"पण मधेच उठावं लागलं तर?"

"ऊठ की. काडी म्हणजे पाहुणा गं. एकदा आला की त्याच्यासमोर बसून राहावं लागतं. वडी म्हणजे घरचं माणूस. अर्धं बोलणं टाकून गेलीस, तासाने आलीस, तरी रुसत नाही. थेंबभर पाणी घातलं की तिथून पुढे सुरू. आणि नको झालं की साध्या पाण्याने जातं."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. ते थेंबभर नव्हतं. दहा महिन्यांत मला भेटलेली ही पहिली वस्तू होती, जिला माझ्या तुकड्यातुकड्यांच्या वेळाबद्दल काही तक्रार नव्हती.

"पाणी नसलं तर आम्ही थुंकी लावायचो," मावशी पुढे म्हणाल्या. "पडदा वर जायला दहा सेकंद, पाणी कोण आणतंय."

खालून काकूंचा आवाज आला. "डोळ्याला थुंकी लावलीस तर पुढे माझ्याकडे येऊ नकोस."

शुक्रवारपासून माझं आयुष्य बदललं. डावा डोळा भिंगरीच्या अंघोळीआधी, उजवा अंघोळीनंतर. एकदा तर डावा सव्वासातला आणि उजवा साडेनऊला. रोज अठ्ठ्याऐंशी टक्के. त्याच जोरावर मी फोटो बदलायचा अर्ज उघडला आणि भरला. अर्जाची पुढची पायरी निवास पडताळणी. एक गृहस्थ घरी येणार, तिथे खरोखर मीच राहते ना ते बघणार आणि नवा फोटो काढणार.

ते आले ते दुपारी बारा वाजता, भिंगरीला घेऊन बाबा खाली गेलेले असताना. आणि शेरा लिहून गेले. 'दारावरील पाटीवर अर्जदाराचे नाव आढळले नाही.'

आमच्या दारावर पाटी आहे. बाबांनी स्वतः रंगवलेली, दोन नावांची. एक बाबांचं, एक माझ्या नवऱ्याचं. मला लग्न होऊन या घरात चार वर्षं झाली. पाटीवर आपलं नाव नाही हे मलाही कधी टोचलं नव्हतं, खोटं कशाला बोलू. शेरा वाचला तेव्हा टोचलं. यंत्र म्हणत होतं ही ती नव्हे, आणि दार म्हणत होतं ही इथली नव्हे. दोघांनी आधी ठरवून केल्यासारखं.

आस्थापनेच्या बाई म्हणाल्या, "दुसरी फेरी गुरुवारी, आठ ते दहा. त्यात नाव दिसलं नाही तर अर्ज बंद. परत सहा महिन्यांनी."

सहा महिने वडी पुरली असती का, देव जाणे. मी बुधवारी रात्रीच्या जेवणात एवढंच म्हटलं, की उद्या पाटीवर नाव नसलं तर अडेल, एखादा कागद चिकटवू. नवरा म्हणाला, "छापून आणतो संध्याकाळी." मी म्हटलं, "ते सकाळी येणार आहेत." नवऱ्याने पुन्हा ताटात लक्ष घातलं. बाबा हात धुवून पाटी बघून आले.

नवऱ्याने मात्र एक गोष्ट शहाणपणाची सांगितली. "नवा फोटो बिनमस्काऱ्याचा काढ. म्हणजे उद्यापासून कटकटच नको."

खरंच होतं. फक्त पडताळणीवाल्यांच्या हातातल्या शाळेच्या पाटीएवढ्या यंत्रावर, म्हणजे आत्याबाईंच्या धाकट्या बहिणीवर, आधी जुन्या फोटोशी जुळणी व्हायची होती आणि मग नवा फोटो. म्हणून बेत असा केला. मस्कारा लावून जुळवायचं, पटकन तोंड धुवायचं, आणि मी आहे तशी, धुतलेली, समोर उभी राहायचं. वडी पाण्याने जाते, काडी जात नाही. वडी निवडली याचा मला पुन्हा एकदा अभिमान वाटला.

गुरुवारी सव्वासातला डावा डोळा झाला. उजव्याला ब्रश लावणार तोच आत भिंगरी उठली. मी डबी खिडकीपाशी ठेवली आणि तिच्याकडे गेले. तिचं आवरून, भरवून, अंगावरचं पुसून परत आले तर डबी नाही.

मी खाली बघितलं, खणात बघितलं, भिंगरीच्या तोंडात बोट घालून बघितलं. तेवढ्यात दाराबाहेर खाकरल्याचा आवाज आला. जाऊन बघते तर बाबा. स्टुलावर बसलेले, चष्मा नाकाच्या टोकावर, एका हातात बशीतलं पाणी, दुसऱ्या हातात माझा ब्रश. पाटीवर, त्यांच्या आणि नवऱ्याच्या नावांच्या खाली, माझं नाव. पुऱ्या वळणदार अक्षरांत. मोडलेली एक रेघ नाही.

"ही शाई कुठे मिळाली गं तुला?" बाबा मान न वळवता म्हणाले. "चाळीस वर्षांपूर्वी आम्ही अशाच वडीच्या शाईने नकाशे काढायचो. पाण्यात घोळवायची आणि ओढायची. मला वाटलं, आता कुणी बनवतच नसेल. ब्रश जरा आखूड आहे, पण उत्तम आहे."

डबीत निम्मी वडी उरली होती. मला ओरडायला हवं होतं, असं तुम्हाला वाटेल. मी ओरडणारही होते. पण बाबांनी ब्रश बशीवर ठेवला, जरा मागे झाले आणि म्हणाले, "मी ही पाटी रोज पुसतो. चार वर्षं. आणि दुसऱ्याने येऊन शेरा मारेपर्यंत माझ्या लक्षात आलं नाही. नकाशा काढणाऱ्या माणसाकडून घरातली एक खोलीच राहून गेली म्हणायची."

मी म्हटलं, "बाबा, छान झालंय."

आणि जिन्यात पावलं वाजली. आठ वाजून वीस मिनिटांनी पडताळणीवाले आले. पन्नाशीचे, दमलेले, गळ्यात यंत्र अडकवलेले. ते पाटीसमोर उभे राहिले, चष्मा शोधायला खिशात हात घातला, आणि तेवढ्या वेळात माझ्या कडेवरच्या भिंगरीने आपला लाळेने ओला तळहात माझ्या नावावर प्रेमाने थापला. मग खाली ओढला.

माझ्या नावाचं पहिलं अक्षर राहिलं. बाकीचं पाटीच्या कडेवरून निथळायला लागलं. दार रडल्यासारखं दिसत होतं.

पडताळणीवाल्यांनी चष्मा लावला. पाटीकडे बघितलं. भिंगरीच्या काळ्या हाताकडे बघितलं, बाबांच्या बशीकडे, मग माझ्याकडे. माझा एक डोळा दीड वर्षापूर्वीच्या लग्नातला होता आणि दुसरा आजचा.

"नाव अर्धंच दिसतंय," ते म्हणाले.

बाबा स्टुलावरून उठले. "अर्धं पाटीवर आहे, अर्धं नातीच्या हातावर. दोन्ही याच घरात आहेत. हवं तर तिच्या हाताचाही फोटो घ्या."

गृहस्थांनी भिंगरीच्या तळहाताकडे पुन्हा एकदा बघितलं. मग यंत्रावर एकेक अक्षर शोधत त्यांनी शेरा लिहिला आणि सवयीने मोठ्यांदा वाचला. "पाटीवर अर्जदाराचे नाव आढळले. ओले आहे."

असा शेरा आमच्या खात्यात आजवर कुणाला मिळाला नसेल. मला त्यांच्या पाया पडावंसं वाटलं, पण ते लगेच यंत्र पुढे धरून म्हणाले, "चला, जुळणी."

"दुसरा डोळा राहिलाय. दोनच मिनिटं."

"अजून सोळा घरं आहेत ताई. बघू तर द्या."

मी श्वास रोखला, जसा सराफाचा काटा तपासताना रोखतात. आकडा फिरत राहिला. ऐंशी. त्र्याऐंशी. पंच्याऐंशी. हिरवा दिवा लागला. एका डोळ्यावर मी पास झाले होते.

"आता नवा फोटो."

"एक मिनिट, हा डोळा धुवून येते, म्हणजे..."

"ताई, जुळणी झाली की दहा सेकंदांत फोटो निघतो. ते आमच्या हातात नसतं. सहा, पाच..."

भिंगरीला मी बाबांच्या हातात दिलं. तेवढंच जमलं. आणि फोटो निघाला.

तर आता सरकारदरबारी मी ही अशी आहे. डावा डोळा काळाभोर, उजवा जसाच्या तसा. यंत्रवाल्याने हजेरीत न धरता करून बघितलं, तर उघड्या चेहऱ्याला आत्याबाई मला एकोणऐंशी देतात. दोन्ही डोळे रंगवले तर ब्याऐंशी. फक्त डावा रंगवला की त्र्याण्णव. यंत्रवाला म्हणाला, "मॅडम, पुन्हा अर्ज करायचा?" मी हिशेब केला. निम्मी उरलेली वडी एका डोळ्याला पूर्ण वर्ष पुरते. एका डोळ्याला दीड मिनिट लागतं. आणि दीड मिनिट माझ्याकडे असतं. मी म्हटलं, राहू दे.

दुकानदार पहिले चार दिवस माझ्या एका डोळ्याकडे बघत होते. आता तेही तेवढा फरक धरून चालतात. रंगमावशी म्हणतात, एकाच बाजूला बसणाऱ्या प्रेक्षकांसाठी त्यांनी असे पुष्कळ चेहरे रंगवलेत. खालच्या काकूंचं म्हणणं, निदान संसर्ग झाला तर एकाच डोळ्याला होईल. मी दोघींचीही ऋणी आहे. पडताळणीवाल्यांची तर आहेच, आणि खरं सांगायचं तर आत्याबाईंचीही. त्यांनी मला ओळखलं असतं, तर दारावर माझं नाव नाही हे कुणाला कळलं असतं?

बाबांना डबीचं खरं कळलं तेव्हा ते दिवसभर अवघडून होते. संध्याकाळी डबीच्या झाकणावर एक बारीक चिठ्ठी चिकटवलेली दिसली, त्यांच्या त्या नकाशाच्या अक्षरात. 'ही शाई नव्हे. डोळा, डावा.'

पाटीवरचं नाव त्यांनी रविवारी पुन्हा काढलं, या वेळी तैलरंगात, दोन हात देऊन. मी रोज साडेतीनला निघते आणि पावणेचारला दारात असते. भिंगरी बाबांच्या कडेवरून माझ्याकडे झेपावते, पण त्याआधी वाकून माझ्या नावावर एक थाप मारते. मग तळहात उलटा करून बघते. काहीच लागलेलं नसतं. ती पुन्हा थाप मारते.